नाव मोठ्याने वाचणाऱ्या ताई

चूक सापडली की ताई आवाज चढवत नसत. फक्त नोंद मोठ्याने वाचत. शहापूरच्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात कोडमधला प्रत्येक बदल, करणाऱ्याच्या नावानिशी, गिट नावाच्या नोंदवहीसारख्या प्रणालीत नोंदला जाई. ते तपासायचं काम ताईंचं; चष्मा कपाळावर सरकवून त्या आधी नाव वाचत, मग चूक. नंतर चहा मागवत, आणि ज्याचं नाव वाचलं त्यालाच विचारत, "साखर किती रे?"

माझं नाव नोकरीच्या तिसऱ्याच आठवड्यात वाचलं गेलं. मुरबाडला घरी नेट धड नव्हतं, म्हणून मी सगळा कोड पेनड्राइव्हवर नेला आणि आणला. त्यात फाइलींच्या परवानग्या बदलल्या. नुसत्या वाचायच्या फाइलीही चालवण्याजोग्या झाल्या. मी न बघता सगळं नोंदवलं.

"बाराशे फाइली बदलल्यास? आमी नऊ वर्षांत एवढं काम नाय केलं," ताई म्हणाल्या. सगळे हसले. मग एकेक फाइल हाताने पूर्ववत करायला त्यांनी मला तीन दिवस बसवलं. चौथ्या दिवशी एका ओळीची कमांड दाखवली : जुन्या नोंदीशी ताडून फक्त परवानग्या उलटवणारी, मजकुराला हात न लावणारी.

"आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर विसरला असतास."

मी विसरलो नाही.

पुढे ताई आजारी पडल्या. उपचारांनंतर उंबरमाळीहून, घरूनच काम करू लागल्या; तिथंही नेट धड नव्हतं. तेव्हा आमचा भातखरेदीच्या नोंदणीचा प्रोग्राम महिनाभर मधेच बंद पडत होता आणि ताईंना आता काम झेपतं का, अशी मालकांना शंका होती. एका सोमवारी ताई पेनड्राइव्ह घेऊन आल्या आणि त्यातलं काम नोंदवलं. मालक समोरच बसले होते. मी ताईंची नोंद उघडली : बाराशे फाइली. त्याच एका ओळीच्या कमांडने मला ते निस्तरता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं.

मी आधी नाव वाचलं, मग चूक.

कोणी हसलं नाही. "ताई, तुमी आता आराम करा," मालक म्हणाले. ताईंनी पिशवी उचलली. दाराशी थांबून मला म्हणाल्या, "बरोबर वाचलंस रे. साखर विचारायची तेवढी राहिली."

दुपारी मी ती कमांड चालवली. परवानग्या जागेवर आल्या, आणि खाली त्यांनी खरोखर केलेला बदल उरला : एकच ओळ. त्यानंतर प्रोग्राम कधी बंद पडला नाही. मालकांना हे उद्या सांगू, असं मी बरेच दिवस म्हणत राहिलो. तेवढ्यात ताई गेल्याची बातमी आली.

ती नोंद मी अजून उघडतो. आधी नाव वाचतो, मग ती ओळ. चूक सापडत नाही.