रूथबाईंचा चौथा ठोका

रूथबाई गायनमंडळाच्या सरावाला आल्या की आधी सगळ्यांची गीतपुस्तकं काढून घेत, मग चपला काढायला लावत. "सूर पायातनं वर येतो. मधे चप्पल आली की अडतो."

बाई मूळच्या शेवगावकडच्या. नर्स म्हणून घानातल्या इस्पितळात बारा वर्षं काढली आणि निवृत्त होऊन केडगावला आल्या, त्या आफ्रिकेतला नाच अंगात घेऊनच. मी चर्चच्या वसतिगृहात पोळ्या करायला पार गडचिरोलीहून आलेली. शाळा चौथीतच सुटलेली. गायची हौस फार, पण मी पुस्तकातली एक ओळ लावेपर्यंत बाकीचे पुढच्या कडव्यात. हे उघडं पडलं तर आपल्याला मंडळातून काढतील, या धास्तीनं मी नुसते ओठ हलवायची. त्यामुळे पहिल्या दिवशी बाईंनी पुस्तकं गोळा केली, तेव्हा मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

तेलाच्या रिकाम्या डब्यावर त्या ताल धरत. गुडघे मऊ, कंबर सैल. उजवा, डावा, उजवा, थांब. पुरुषांची मात्र पंचाईत. शाळेतली लेझीम त्यांच्या पायांत अशी मुरलेली, की चौथा ठोका पडला रे पडला की सगळी रांग खाली बसायची.

"दानियलमामा, पंधरा ऑगस्ट झाला. उठा आता."

मामा मंडळातले सगळ्यात जुने, आवाज खर्जातला. गुडघे चोळत म्हणायचे, "बाई, चर्चमधी कंबर हलवनं शोभतं व्हय?"

"कंबर देवानंच दिली ना? का तुमी शिंप्याकडनं शिवून आनली?"

लेझीम पाचवीपासून असते म्हणे. तोवर मी शाळेबाहेर. माझे पाय कोरे. बाईंनी मला रांगेत पहिली उभी केली.

पहिल्या पिकाच्या सणाला लोकांनी आणलेलं धान्य, भाजी नाचत वेदीपर्यंत न्यायचं ठरलं. "तिकडं असंच नेत्यात. देवाला द्यायला येताना मयताला आल्यागत कशाला यायचं?" माझ्या हातात भोपळा. दारातच मी अडले.

"बाई, चुकले तर?"

"ठासून चूक. भीत भीत चुकलीस तर एकटी पडशील."

चुकलेच. पहिलंच पाऊल डावं पडलं. मागचे वीस जण माझ्या टाचांकडे बघत होते. सगळ्यांनी डावं टाकलं. अख्खी रांग उलट्या पायावर झुलत निघाली, चौथ्या ठोक्याला कुणी बसलं नाही, आणि बाकांवरच्या म्हाताऱ्या उठून डुलायला लागल्या. डब्यावर ताल धरत बाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होत्या. मी तोंड उघडून, भोपळ्यासकट गात होते.

गेल्या महिन्यात बाई मुलाकडे बडोद्याला कायमच्या गेल्या. निरोपाला मंडळ जमलं, तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इथून पुढं सराव ही पोरगी घेईल."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "बाई, मला नीट वाचता येत नाही," मी म्हणून टाकलं.

मग दानियलमामांनी चपला काढल्या आणि ते येऊन माझ्या मागं उभे राहिले.

"वाचायला आमी हाय की," ते म्हणाले. "तू पाय दाखव."