सासऱ्यांच्या दिशेने घेतलेलं वळण

मी आयुष्यात एकदाच सासऱ्यांच्या अंगावर मोटारसायकल घातली आहे, आणि तीसुद्धा गुरूच्या आज्ञेनुसार.

भांडण सुरू झालं चिखलदऱ्याच्या घाटात. गाडी नवी, मागे बायको, आणि समोर वळण. वळण आलं की मी ब्रेक दाबायचो, दोन्ही पाय खाली सोडायचो आणि बदकासारखा पावलं टाकत गाडी वळवायचो. (सुरक्षितता म्हणून. भीती वगैरे नाही.) मागे एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवून वाजवून थकला. शेवटी वैशाली उतरली, एसटीला हात दाखवला आणि खिडकीत जाऊन बसली. माझ्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही!

अमरावतीला पोचलो तर बातमी माझ्याआधी पोचलेली. सासरे एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांची उभी नोकरी त्याच घाटात गेली. भर पंगतीत, माझ्या पानात पुरणाचा मांडा वाढता वाढता ते म्हणाले, "जावईबापू, तुमाले गाडी येते. वळण नाही तुमाले."

अख्खी पंगत हसली. मेव्हण्याला ठसका लागला. मी मांडा गिळला आणि रागही गिळला, मांडा पचला.

वैशालीनं तर फर्मानच काढलं. "वळणं शिका, नाही तं मी त्या गाडीवर बसत नाही. फोटोपुरतीही नाही."

अकोल्यात एका जिनिंगच्या आवारात पुण्याची एक मुलगी ट्रॅकवर वळणं घ्यायला शिकवते असं कळलं. कापसाचा हंगाम संपला होता, सिमेंटचं आवार मोकळं होतं. तिथं चुन्याच्या रेघा आणि लाल शंकू लावून तिनं ट्रॅक आखला होता. शेवटच्या वळणाच्या कडेला तेवढा उरलेल्या सरकीचा ढीग होता. मी नाव नोंदवलं. वैशाली परीक्षक म्हणून आली. सासरे न बोलावता आले. सोबत घडीची खुर्ची आणि झुणका-भाकरीचा डबा.

मुग्धा मॅडम वयानं माझ्या निम्म्या. त्या म्हणाल्या, "सर, वळणाच्या आधी वेग कमी करा, गुडघ्यांनी टाकी धरा, आणि बाहेर पडायचंय तिथं बघा. गाडी हातांनी नाही, डोळ्यांनी वळते. जिकडे नजर, तिकडे गाडी."

मी आजवर फक्त पुढच्या चाकाकडे बघत आलो होतो. ते जागेवर आहे की नाही, याची खात्री नको का?

पण करून पाहिलं आणि खरंच गाडी वळली. पाय वर, गाडी तिरपी, मी जिवंत! दुसऱ्या फेरीत छाती जरा फुगली. एवढ्यात खुर्चीतून आवाज आला, "हॉर्न!"

मी दुर्लक्ष केलं. पुढच्या वळणावर पुन्हा "हॉर्न!" सासऱ्यांच्या मते हॉर्न न वाजवता वळण घेणं म्हणजे घाटातला गुन्हा. मी म्हटलं, इथं समोरून कोणी येत नाही. ते म्हणाले, "मंग हॉर्न काय पूजेले ठेवला का?"

झक मारत वाजवला. तर मॅडमनी थांबवून विचारलं, सर, हॉर्न कुणाला देताय? म्हणजे वाजवला तर मॅडम रागावणार, नाही वाजवला तर सासरे. माझं डोकं अकोल्याच्या उन्हापेक्षा तापलं. आणि सासऱ्यांनी नेमकी तेव्हाच खुर्ची उचलली आणि शेवटच्या वळणाच्या तोंडाशी, सरकीला टेकून मांडली. म्हणे, इथून बराबर दिसते.

शेवटची फेरी. पहिलं वळण झकास, दुसरं त्याहून. वैशाली सावलीतून उठून उभी राहिली. आता एकच वळण, की मागची सीट पुन्हा भरणार होती! मी गाडी तिरपी केली आणि तेवढ्यात सासरे ओरडले, "वळणच नाही ह्या माणसाले!"

मी त्यांच्याकडे पाहिलं. साधं नाही पाहिलं. पंगतीतल्या मांड्यापासूनचा सगळा राग डोळ्यांत आणून, वटारून पाहिलं. आणि जिकडे नजर, तिकडे गाडी!

उभ्या नोकरीत ज्यांनी कधी सीट सोडली नाही, त्या सासऱ्यांनी त्या दिवशी सोडली. ते सरकीत, त्यांच्यामागे मी सरकीत, गाडी खुर्चीवर आणि झुणका टाकीवर. वेग सायकलचा होता म्हणून कुणाला खरचटलंही नाही.

मॅडम धावत आल्या. "सर, बघत कुठे होतात?"

"माह्याकडं," सासरे मिशीतली सरकी झटकत म्हणाले. "डोळे फाडून पाहून रायला होता."

"मग तंत्र अगदी बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या.

मी आणि सासरे चूक कोणाची यावर भांडत होतो. वैशालीनं तेवढ्यात माझ्या डोक्यावरचं हेल्मेट काढलं, स्वतः घातलं, गाडी उभी केली आणि ट्रॅकवर घातली. (माहेरी ती बापाचीच मोटारसायकल चालवत कॉलेजला जायची, हे मला लग्नात कुणी सांगितलं नव्हतं.) आम्ही भांडत होतो तेव्हा ती सावलीत बसून शिकत होती. अख्ख्या फेरीत एक शंकू हलला नाही.

सासऱ्यांनी सरकीत बसूनच मान डोलावली. "पाहा. वळण म्हंतेत याले. आमच्या घरचं हाय."

आता आम्ही चिखलदऱ्याला एकाच गाडीवर जातो. मागची सीट भरली, एवढं मात्र खरं. तिथं मी बसतो. हातात हँडल नाही, ब्रेक नाही, करायला काही नाही, म्हणून प्रत्येक वळणावर मी तिच्या कानाशी ओरडतो, "हॉर्न!"