टकसाळकाकांची लढाईतली नाणी

टकसाळकाका बिस्कीटसुद्धा कडेनं धरत. चहाची बशी, रेल्वेचं तिकीट, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळं तसंच, दोन बोटांच्या चिमटीत. नाण्याच्या तोंडावर अंगठा उमटू द्यायचा नाही, या नियमानं त्यांचे हातच तसे झाले होते. खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण गल्लीत त्यांना कुणी त्या नावानं ओळखत नसे. सांगलीहून बदली होऊन मी इंदूरला आलो तेव्हा पलासियाच्या मागच्या गल्लीत, त्यांच्याच घराच्या खालच्या मजल्यावर राहत होतो.

काका रेल्वेतून निवृत्त झालेले. राजवाड्याच्या बाजारात हिंडून नाणी जमवायची, पण फक्त दुसऱ्या महायुद्धातली. मधोमध भोक पाडलेला तांब्याचा पैसा, पितळेसारखे पिवळे आणे, अर्धी चांदी काढून घेतलेला रुपया. मी एकदा विचारलं, याच काळातली का? तर इंदुरी पद्धतीनं मला भाऊ करत म्हणाले, "लढाईतलं नाणं खोटं नाही बोलत, भिया. बंदुकांना तांबं कमी पडलं, की पैशाला भोक पडतं. लिहून कशाला सांगायला पाहिजे?"

त्यांचा दुसरा दंडक असा, की नाणं पुसायचं नाही. त्याच्यावर चढलेला काळपट रंग हीच त्याची किंमत. घासलेलं नाणं पारखी माणूस हातात घेत नाही, हे ते प्रत्येक पाहुण्याला ऐकवत.

या नाण्यांपायी काका रात्री कुठं मुक्कामाला राहत नसत. उज्जैनला लग्न असो की बारसं, संध्याकाळच्या बसनं परत. काकूंची धाकटी बहीण बेळगावला होती. तिनं घर बांधलं, मुलांची लग्नं केली, सगळ्याला काकू एकट्या जाऊन आल्या. त्यातच राजवाड्याकडचा एक व्यापारी नाणी विकत मागत सारखा खेपा घालू लागला. काका त्याला नाही म्हणत, पण तो गेला की खिडक्यांच्या कड्या पुन्हा तपासत.

त्या वर्षी मिलिंदचं, त्यांच्या मुलाचं, लग्न झालं आणि वृंदा सून म्हणून घरात आली. पहिलीच दिवाळी. काका दिवसभरासाठी देवासला गेले होते. मी कपडे वाळत घालायला गच्चीवर गेलो, तर एका जुन्या चादरीवर नाणी उन्हात लखलखत होती. वृंदानं सगळी चिंच लावून घासली होती. बाबांना सरप्राइज द्यायचंय, असं ती आनंदानं म्हणाली. माझा चेहरा बघून तिला काहीतरी कळलं. काकू वर आल्या आणि चादरीपाशी मटकन बसल्या. मला म्हणाल्या, तुम्ही आज इथंच थांबा, परक्या माणसासमोर ते फार बोलणार नाहीत.

काका आले. चपला न काढताच गच्चीवर गेले. एक रुपया उचलला, भिंगाखाली धरला, ठेवला. मग भोकाचा पैसा. वृंदा रडत एवढंच म्हणाली, की मला माहीत नव्हतं, बाबा. काकांनी खाली जाऊन चहा मागितला आणि तो तसाच गार होऊ दिला.

दोन दिवसांनी व्यापारी नेहमीसारखा आला. काकांनी स्वतःच नाणी त्याच्यापुढं मांडली. त्यानं चार-पाच उलटसुलट केली, मान हलवली, आता यात काही राहिलं नाही असं म्हणून उठला आणि जिना उतरून गेला. काका दारात उभे राहून त्याची स्कूटर वळेपर्यंत बघत होते. मग त्यांनी असा लांब श्वास सोडला, की आतून काकू धावत आल्या.

"सुटलो," काका म्हणाले. "आता चोर आला तरी त्याला खाली हात जावं लागेल." वृंदा स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होती. तिला त्यांनी जवळ बोलावलं. "बेटा, तू किंमत धुतलीस. नाणी तर सगळी इथंच आहेत ना? मग रडायचं कशाला?"

ती रडली, पण वेगळी. मिलिंद जिलेबी आणायला गेला. आणि त्याच संध्याकाळी काका काकूंना म्हणाले, तुझ्या बहिणीला फोन लाव, थंडीत येतो म्हणून सांग.

दोघांना बेळगावला जाण्यासाठी पुण्याच्या गाडीत मीच बसवून दिलं. आठवड्यासाठी गेले होते, ते महिना झाला तरी परतले नाहीत. तेवढ्यात माझी नागपूरला बदली निघाली. निरोप घ्यायला मी बेळगावला फोन केला. काका मजेत होते. तिथलं पाणी, तिथला खव्याचा कुंदा, साडूबरोबर पत्त्यांचा डाव, काय काय सांगत होते. ते आमचं शेवटचं बोलणं ठरलं. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले, झोपेतच, असं मिलिंदनं कळवलं.

फोन ठेवता ठेवता मी विचारलं होतं, की नाणी नीट ठेवलीत ना, इथून काही बघायचं आहे का?

"वृंदाला विचारा ना, भिया," काका म्हणाले. "कुठं ठेवलीत, मला नाही माहीत."