गेट नसलेलं पोलीस स्टेशन

"हे पोलीस स्टेशन आहे की मंगल कार्यालय?" इन्स्पेक्टर जगदाळेसाहेब इतक्या जोरात ओरडले, की वडखळ नाक्यावर एका एसटीने दचकून ब्रेक मारला म्हणे. "भिंत कुठाय? गेट कुठाय? मोर्चा आला तर काय रांगोळी काढून स्वागत करू?"

मी आर्किटेक्ट. ऑफिस रोह्यात. पेणच्या खाडीपट्ट्यातलं हे नवं पोलीस स्टेशन माझं डिझाइन. ताजमहालापेक्षा कांकणभर सरसच. शिवाय पार्किंग आहे.

"साहेब, सिक्युरिटी आहे. फक्त दिसत नाही," मी नकाशा पसरला.

आमच्या धंद्यात याला झोनिंग म्हणतात. म्हणजे घरात असतं तसंच. ओटीवर कुणीही बसावं, माजघरात ओळखीच्याने यावं, तिजोरीची किल्ली मालकाच्या कमरेला. इथेही पुढे रस्त्याकडे उघडी, लांबलचक ओटी. बाकं, आणि आरशासारखा घोटलेला लाल कोबा. बाजूला तक्रारदाराशी एकांतात बोलायची खोली. मग न फुटणारी काच. तिच्यामागे दोन दारं. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. लॉकअप पार मागे, गाडीचा रस्ताही मागूनच.

"गेट बघून निम्मे तक्रारदार परत फिरतात, साहेब."

"फिरू देत. आत माझी माणसं आहेत. सोमवारी चिरे येतील, आठ फुटी भिंत होईल."

आठ फुटी भिंत म्हणजे माझ्या ओटीचं थडगं. दोन रात्री जेवण गेलं नाही. म्हणजे गेलं, पण चव लागली नाही.

सोमवारी चिऱ्यांचा ट्रक आला आणि त्याच्या मागोमाग मोर्चा. खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाला दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ती भरतीच्या वेळी कुणीतरी मुद्दाम उघडली होती. सगळ्या गावाच्या भातात खारं पाणी. गाव कसलं, मला तर अर्धं कोकण दिसलं. हातात काठ्या.

"बघा तुमची ओटी!" साहेब दात आवळून म्हणाले. मी त्या न फुटणाऱ्या काचेमागे उभा होतो. काच खरंच न फुटणारी आहे ना, हे मी नकाशात पुन्हा एकदा तपासलं.

मोर्चा आला आणि अडखळला. धरून हलवायला गेटच नाही! पुढचे लोक नुसते हात चोळत उभे. सगळ्यांच्या पुढे गावातली एक म्हातारी, हिराआजी. ती पायरी चढली, लाल कोबा बघितला, आणि तिने चपला काढल्या. मग मागे वळून ओरडली, "चपला काढा गो! गोठा हाय का हा?"

बायकांनी काढल्या. पुरुषांनी निमूट काढल्या. हे मी आधीच योजलं होतं, असं मी आता सगळीकडे सांगतो.

अनवाणी माणसाला घोषणा जमत नाही. तो बसतो आणि पाणी मागतो. कॉन्स्टेबल म्हात्रेबाई बाहेर आल्या. "आजी, उघाडी कुणी उघडली, बघितलं का कुणी?"

"मी बघितलाय गो बाय. पन नाव असं सगल्यांच्या देखत नाय सांगनार."

मग बाजूची खोली कामाला आली. आजीने नाव सांगितलं. जीप मागच्या रस्त्याने गेली, आणि त्याच रस्त्याने त्या माणसाला घेऊन आली. तो लॉकअपमध्ये बसला तेव्हा गाव पुढे ओटीवर चहा पीत होतं. त्याच्या केसालाही धक्का लागला नाही. साहेबांनी स्वतः ओटीवर येऊन सांगितलं, "माणूस ताब्यात आहे. गुन्हा दाखल झालाय."

गाव उठलं. मग चपलांच्या ढिगाऱ्यात जी भांडणं जुंपली, तेवढी मोर्च्यातही झाली नव्हती.

चिऱ्यांचा ट्रक न उतरवताच परत गेला. मी एवढंच शिकलो, की गेट लावलं की लोकांना ढकलायला काहीतरी मिळतं.

माझी छाती तोवर आठ फूट झाली होती. "मग साहेब, कसं वाटलं डिझाइन?"

साहेब ओटीकडे बघत म्हणाले, "चपलांना रॅक नाही."