मामाच्या कॉम्प्युटरची सफाई

मला अर्धवट काम खपत नाही. कांदा चिरला की ओटा पुसलाच पाहिजे, आणि कॉम्प्युटरवरून एखादा प्रोग्राम काढला की त्याचा मागमूसही उरता कामा नये. ऑफिसात यासाठी माझं नाव आहे. माझा हा गुण मामाच्याही वाट्याला आला, म्हणून हे लिहायला बसले आहे.

माझा मामा जयवंत मेस्त्री, वय एकाहत्तर. लालबागच्या चाळीत वाढला आणि आता त्याच जागेवर झालेल्या टॉवरमध्ये तेराव्या मजल्यावर राहतो. मामी गेल्यापासून एकटाच. आजोबा गिरणीत होते, पण हा गिरगावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला लागला. शिशाची अक्षरं एकेक करून उचलायची, ओळ जुळवायची आणि पान छापून झालं की खिळे पुन्हा आपापल्या खणात टाकायचे. तीस वर्षं हेच केलं. छापखाना बंद पडला तेव्हा पन्नाशीला टेकलेला हा माणूस दादरला क्लास लावून मराठी टायपिंगचा प्रोग्राम शिकला.

पण मामाचा जीव होता डबलबारीत. दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात, एकाने गजरातून, म्हणजे झांजेच्या ठेक्यावरच्या भजनातून, कोडं घालायचं आणि दुसऱ्याने गजरातूनच उत्तर द्यायचं. मामाचा गळा घोगरा, त्यामुळे तो बुवा कधी झालाच नाही. मागे बसून झांज वाजवायचा आणि बुवाला गजर लिहून द्यायचा. नाव बुवाचं व्हायचं. त्याचं आपल्याला काही वाटत नाही असं तो म्हणायचा, माझा काही विश्वास बसायचा नाही. तीस वर्षांतले दोनशेच्या वर गजर त्याने छापखान्यातल्या प्रुफांच्या पाठीवर लिहून ठेवले होते. घरी कॉम्प्युटर आल्यावर ते सगळे त्याने टाइप केले. चाळ सोडताना त्या कागदांचं काय करायचं असा प्रश्न आला. पानोपानी विठ्ठलाचं आणि रामाचं नाव, रद्दीत कसे द्यायचे? गणपतीच्या निर्माल्याबरोबर नेऊन त्याने ते चौपाटीवर विसर्जित केले. टाइप केलेलं होतंच की.

गेल्या वर्षी मामाचा फोन आला. भजन मंडळ त्याच्या गजरांचं पुस्तक काढणार होतं, आणि मुखपृष्ठावर त्याचं नाव असणार होतं. आनंदाने नुसता फुलला होता. मग म्हणाला, "पण कॉम्प्युटर नुसतो रांगता गो. जरा झाडून दी."

रविवारी मी कॉटन ग्रीनहून गेले. तीन अँटीव्हायरस एकमेकांच्या उरावर बसलेले, पत्त्यांचे खेळ, केव्हाच भंगारात गेलेल्या प्रिंटरचं सॉफ्टवेअर. एकेक उडवत गेले. यादीच्या शेवटी तो जुना टायपिंगचा प्रोग्राम होता.

"मामा, हा काढू? आता नुसतं बोललं तरी मराठी टाइप होतं."

मामा स्वयंपाकघरात चहा गाळत होता. तिथूनच म्हणाला, "काढ. खिळे परत खणात टाकले म्हणान छापलेलो कागद खंय जाता?"

मला ते वाक्य फार आवडलं, मी हसलेसुद्धा. मामा, तुझे छापलेले कागद आहेत कुठे, एवढं विचारायला हवं होतं. मला वाटलं, डॉक्युमेंट्समध्ये असतील, सगळ्यांचं तिथेच असतं. त्याला वाटलं, टाइप केलं म्हणजे ते कागदासारखं सुटं झालं, प्रोग्राम गेला तरी राहणार.

प्रोग्राम निघाला आणि सूचना आली की काही फाइली काढता आल्या नाहीत. दुसरं कोणी असतं तर 'ओके' दाबून उठलं असतं. मी प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये शिरले. आत जी००१, जी००२ अशा नावांच्या फाइली ओळीने होत्या. एक उघडून पाहिली तर नुसते चौकोन आणि कंस. कचरा आहे म्हटलं. रिसायकल बिनमध्येही न टाकता सगळ्या कायमच्या उडवल्या आणि वर डिस्कवरची रिकामी जागाही पुसून घेतली, म्हणजे कोणाला काही परत काढता यायला नको. कॉम्प्युटर पळायला लागला. मामाने खूश होऊन मला दुसरा कप चहा दिला.

चार दिवसांनी त्याचा फोन. "रुपाली, मंडळाचो स्वप्नीलबुवा इलो हा गजर नेवक. तां टायपिंगचां चित्र खंय गेलां गो?"

तो जुना प्रोग्राम लिहिलेलं सगळं आपल्याच फोल्डरमध्ये ठेवायचा. जी म्हणजे गजर, आणि प्रोग्रामबरोबर त्याची अक्षरंही गेल्यामुळे मला ते नुसते चौकोन दिसले होते. तसाच सीपीयू टॅक्सीत घालून दादरला नेला, पुसलेला डेटा परत काढून देणाऱ्या एकाकडे. दोन दिवसांनी तो म्हणाला, "मॅडम, कोणी केलंय हे? एकदम प्रोफेशनल काम आहे, काहीच सोडलं नाय." मी फुटपाथवर उभी राहून रडले.

मामा चिडेल असं वाटलं होतं. चिडला असता तर बरं झालं असतं. तो बंद स्क्रीनकडे बघत म्हणाला, "तुझो दोष नाय गो. मीच सांगलंय काढ म्हणान."

मग आठ महिने दर रविवारी मी वही घेऊन त्याच्यासमोर बसले. तो मांडीवर ठेका धरून आठवायचा, मी लिहायचे. सुरुवातीला भराभर आले, मग अडायला लागलं. उत्तराचा गजर आठवायचा तर समोरच्याचं कोडं आठवावं लागतं, आणि ती कोडी घालणारे बुवा बहुतेक वारले. एकदा अख्खा गजर सांगून झाल्यावर तो थबकला. "खोड. ह्यो माझो नाय, समोरच्याचो." राहू दे ना, कोणाला कळणार आहे, असं मी म्हटलं, तेव्हा मात्र तो माझ्यावर ओरडला. चौतीस गजरांवर आम्ही थांबलो.

गेल्या महिन्यात परळच्या एका हॉलमध्ये प्रकाशन झालं. पुस्तक कसलं, पुस्तिकाच. स्वप्नील माइकवर म्हणाला, "कॉम्प्युटर बिघडला आणि जयवंतकाकांचं आयुष्यभराचं लिखाण गेलं. पण त्यांच्या भाचीने आठ महिने खपून जेवढं वाचवता आलं तेवढं वाचवलं. रुपालीताई, स्टेजवर या."

कॉम्प्युटर बिघडला असं मामानेच सगळ्यांना सांगितलं होतं, मला न विचारता. पुस्तिकेचं पहिलं पान मी तिथे स्टेजवरच पाहिलं. 'माझी भाची रुपाली हिला, जिने हे गजर राखले.' त्याने माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात श्रीफळ दिलं आणि डोळ्यांनीच गप्प राहा म्हणून खुणावलं.

माइक समोरच होता. मीच पुसलं, एवढे दोन शब्द बोलायचे होते. मी धन्यवाद म्हणाले आणि नारळ घेऊन खाली उतरले.