गळ्यातली पाटी

दर्यापूरच्या स्टँडवर अमरावतीची जीप भरेपर्यंत आमची पूर्वा मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, मांडीवर बसून होती. गादी, शेगडी, तिचं नवं दप्तर टपावर बांधलेलं. इंग्रजी शाळेत तिचा पहिलीला नंबर लागला म्हणून आम्ही गाव सोडत होतो. मामाजी तिला म्हणाले, "खूप शिक. अन् दिवाळीले आली का काय शिकली ते मले सांगजो."

गावात राहिलेले तुम्ही विचारता, एवढ्या फीमध्ये शिकवतात तरी काय? रंगांची नावं, फळांची नावं, पाणी प्यायला जायची परवानगी कशी मागायची. शेतकरी आपला मदतनीस असतो, हेही आहे. चित्रात त्याच्या डोक्यावर हॅट आहे.

आणि वर्गात एक पुठ्ठ्याची पाटी असते. मराठी बोलेल त्याच्या गळ्यात ती घालायची, दुसरं कुणी चुकेपर्यंत काढायची नाही. पहिला महिनाभर पूर्वा रोज रडत घरी यायची. मिस म्हणाल्या, घरीही सराव घ्या. आम्ही नवराबायको मराठी शाळेत बारावीपर्यंत शिकलेले, इंग्रजी बोलता येत नव्हतं, तरी पुठ्ठा कापला, दोरा ओवला आणि जेवताना तोच खेळ सुरू केला. हळूहळू जेवताना आम्ही दोघं बोलेनासे झालो. पूर्वा मात्र कधी सापडत नसे, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचा अभिमान वाटायचा.

दिवाळीत गावी गेलो. मामाजींनी सीतादही पूर्वासाठी थांबवून ठेवलं होतं. कापसाची पहिली वेचणी करायच्या आधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, तेवढंच ते. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसून त्यांनी हौसेनं विचारलं, "सांग वं माय, काय काय शिकली?"

पूर्वानं पिशवीतून आमची घरची पाटी काढली आणि त्यांच्या गळ्यात घातली. ते हसले. मी हळूच त्यांच्या कानात नियम सांगितला, तेव्हा हसायचे थांबले. दिवसभर मग एक शब्द नाही.

मी नुसतं "जेवायले चला" असं मोठ्यानं म्हटलं असतं, तरी पाटी माझ्या गळ्यात आली असती. पण पूर्वा बघत होती. मी हातानंच जेवायची खूण केली. माझा नवरा, त्यांचा सख्खा मुलगा, तोही गप्प बसला.

परत निघालो तेव्हा मामाजी पाटी घालूनच स्टँडवर आले. जीप सुटली तसा त्यांनी हात वर केला.

आता पूर्वा दुसरीत आहे, वर्गात पहिली येते. फोन केला की मामाजी तो मुकाट्यानं गावी त्यांच्यासोबत राहणाऱ्या जाऊबाईंच्या हातात देतात. जाऊबाई सांगतात, पाटी त्यांनी देवाजवळच्या कोनाड्यात जपून ठेवली आहे, पूर्वा आली की घालावी लागेल म्हणून. गावचं घर म्हटलं की आता मला तो कोनाडाच दिसतो, आणि तिथे जायला मला तोंड नाही.