गंजाची चित्रं

त्यानं आमचं कापड दोन बोटांच्या चिमटीत धरलं. मेलेला उंदीर उचलावा तसं. म्हणाला, "हे विज्ञान आहे की भंगार?"

तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन. तो परीक्षक. कॉलेजातून निवृत्त झालेला प्राध्यापक. मी फुलसावंगीच्या पलीकडच्या तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेतली शिक्षिका. स्वतःही तांड्याचीच, गोरमाटी, म्हणजे बंजारा. सोबत सहावीच्या चार मुली.

पोरींनी पंधरा दिवस राबून ते कापड केलं होतं. खिळे, बैलाची नाल, वखराची मोडकी पास, सगळं मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवलं. लोखंड गंजलं, त्याचा ठसा कापडावर उतरला. तांबूस, पिवळा, कुठं काळपट. त्या ठशांतून पोरींनी मोर काढला, झाड काढलं. नायलॉनच्या साडीच्या तुकड्यावर तेच करून पाहिलं, तर धुतल्यावर जवळपास काहीच उरलं नाही. तेल चोपडलेल्या खिळ्याचा ठसा पडलाच नाही. काहून, ते पोरींना पाठ नव्हतं. समजलेलं होतं.

त्याला ऐकायचंच नव्हतं. शेजारच्या टेबलावर शहरातल्या एका इंग्रजी शाळेचा ज्वालामुखी होता. दुकानातून विकत आणलेला. किमतीची चिठ्ठीसुद्धा काढली नव्हती. तिथल्या बाईंना तो "मॅडम" म्हणाला. मला म्हणाला, "तू कोणत्या तांड्याची?"

मी सांगितलं. चेहरा एकदम खुलला त्याचा. पाहुणे येताहेत, मुलींना फेटिया-कांचळी घालून स्वागताला नाचव, म्हणाला. वर हसून, "तुमच्या रक्तातच आहे ते."

सातवीत मी नाचले होते. असाच एक साहेब आला होता. माझा प्रयोग वर्गात पडून राहिला, कोणी पाहिला नाही. टाळ्या मात्र वाजल्या. घरी याडीनं, माझ्या आईनं, विचारलं, प्रयोगाचं काय झालं? मी म्हणाले, लोकांले आवडला. तिच्याशी बोललेलं ते खोटं अजून सलते.

म्हणून त्या दिवशी म्हणाले, "नाचणार नाहीत. प्रश्न विचारा, सांगतील."

त्यानं विचारला नाही. मग मीच दोन्ही कापडं त्याच्यापुढं ठेवली. याच्यावर ठसा राहिला, त्याच्यावर नाही, का ते तुम्हीच सांगा म्हटलं. त्यानं चष्मा पुसला.

"रंग कच्चा असेल."

पायल, माझ्या वर्गातली सगळ्यात अबोल पोरगी, हळूच बोलली, "रंग नाही सर, गंज हाय. सुती कापड पानी पिते. नायलॉन पीत नाही."

भोवतीची पोरं हसली. त्याचे कान लाल झाले. जन्मभर विज्ञान शिकवलं म्हणे. समोरचा गंज ओळखता आला नाही या माणसाला. टेबलावरच्या पाटीवरचं माझं आडनाव वाचून जात मात्र लांबूनच ओळखली.

पहिला नंबर ज्वालामुखीला गेला. आठवड्यानं मला नोटीस आली. स्वागतात असहकार, परीक्षकांशी उद्धट वर्तन. मुख्याध्यापक म्हणाले, माफीच्या दोन ओळी लिहून टाका, कायले वाढवता.

मी दोन ओळी लिहिल्या. "मुली विज्ञान घेऊन आल्या होत्या. परीक्षकांना ते आलं नाही." खाली सही केली.

मुख्याध्यापकांनी वाचलं. बदली होईल तुमची, म्हणाले.

होऊ द्या. जिथं टाकाल तिथं शिकवीन. पण माझ्या वर्गातली एकही पोरगी यापुढं कोणत्याही साहेबासमोर नाचणार नाही.